अर्धी मात्रा

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

माइक जरा खाली घ्या हो कुणीतरी. अजून. हं, आता बरोबर. ऐंशी ओलांडली की माणूस दर वर्षी बोटभर जमिनीकडे सरकतो. तुम्हालाही कळेल हळूहळू.

हसलात? हसा. शोकसभेत हसू नये असं ज्यांना वाटतं, ते मधुकर भाऊजींच्या शेजारी बसून कधी भजनाला आलेले नाहीत.

पण खरं सांगू? मला बोलणं जड जातंय. मला आणि बोलणं जड! या मंडपातली एकही बाई यावर विश्वास ठेवणार नाही. 

मी इंदूबाई. मधुकर भाऊजींची थोरली वहिनी. साठ वर्षं आम्ही एका घरात राहिलो. आमचे हे गेले, मग माझी धाकटी जाऊ गेली, आणि घरात म्हातारे म्हणून आम्ही दोघंच उरलो, एकमेकांच्या चुका काढायला. आता माझ्या चुका काढायला कुणी राहिलं नाही. म्हणून आज एक चूक मीच काढणार आहे. ती शेवटी सांगते.

मला अक्षर येत नाही. काल नातीला, मीनलला, समोर बसवलं आणि हे सगळं सांगितलं. तिनं लिहून घेतलं. कागद तिच्या हातात आहे, तोंड माझं आहे. मी भरकटले तर ती माझा पदर ओढेल. ती म्हणाली, "आजी, माइकवर मले-तुले नको." ठीक आहे, माझं मी सांभाळते. पण गेलेल्या माणसाचं बोलणं मी बदलणार नाही. ते जसं बोलायचे तसंच सांगेन.

मंडळी, भाऊजींचं सगळं आयुष्य एका शब्दात गेलं. मात्रा. तुम्ही म्हणाल, तबलजी होते, तबल्यात मात्रा मोजतात, यात नवल ते काय? थांबा. घाई करू नका. घाई करणं हे या भजनी मंडळात फक्त माझं काम आहे.

बर्डीवरच्या बाजारातल्या एका दवाखान्यात भाऊजी चाळीस वर्षं कंपाउंडर होते. मी लग्न होऊन आले तेव्हा गोळ्यांची चकचकीत पाकिटं नव्हती. काचेच्या बाटलीत गुलाबी औषध मिळायचं, चव अशी की आजार लाजून पळावा. भाऊजी काय करायचे? पांढऱ्या कागदाची पट्टी घ्यायचे, तिच्या घड्या घालायचे, कात्रीनं कोपरे छाटायचे. पट्टी उघडली की दोन्ही कडांना सारख्या खाचा. ती खळीनं बाटलीला चिकटवायची. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक मात्रा. सकाळी एवढं, संध्याकाळी एवढं. खेड्यातून आलेल्या, माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळायचं, आज किती पाजायचं ते. कुणाला विचारायला नको, कुणापुढे लाजायला नको.

मी एकदा म्हटलं, "भाऊजी, डॉक्टर खुर्चीत बसून कागदावर खरडतात, आणि लोक बरे होतात ते तुमच्या कात्रीनं."

"हळू बोला वहिनी," ते म्हणाले, "डॉक्टर ऐकतीन तं माझी कात्री जप्त करतीन."

ही झाली औषधाची मात्रा. प्रशांत जन्मला तेव्हा दुसरी पाहिली. प्रशांत म्हणजे भाऊजींचा मुलगा, तो समोर बसला आहे, डोक्यावर टक्कल पडलेला. तेव्हाही टक्कलच होतं. सासूबाई सहाणेवर मात्रा उगाळून त्याला चाटवायच्या. सोन्याचा एक वळसा, वेखंडाचा एक वळसा. भाऊजी बाजूला उभे राहून वळसे मोजायचे. सासूबाई चिडायच्या, "काहून उभा आहेस गा? तुझ्या बाटलीतलं औषध नाही हे!" आणि भाऊजी म्हणायचे, "बाई, पोरगं माझं आहे. एक वळसा जास्त झाला."

मोजायची खोडच होती त्यांना.

संध्याकाळी दवाखान्यातून आले की हातपाय धुवून इथं, याच मंडपात. तबल्यावर बोट ठेवलं की त्या माणसाचा चेहरा निवायचा. आम्ही बायका टाळ घेऊन बसायचो. आठ मात्रांचा साधा भजनी ठेका. आठ! घरातली भांडी आठापेक्षा जास्त असतात आणि ती मी डोळे मिटून मोजते. पण या आठ मात्रा मला कधी जमल्या नाहीत. मी पुढे पळायचे.

तबला थांबायचा. सगळे थांबायचे. भाऊजी चष्म्यावरून बघायचे.

"वहिनी, कुठं जाऊन राहिल्या तुमी?"

"कुठं जाणार? इथंच तर बसले आहे."

"मंग तुमचा टाळ समेच्या आधी काहून पोचला?"

"घरी भाजी चुलीवर आहे, भाऊजी."

"अर्धी मात्रा थांबलं तं भाजी जळत नाही."

जळायची हो. पण ते जाऊ द्या. अर्धी मात्रा पुढे, ही माझी ओळखच झाली. बाजारात, लग्नात, पंगतीत, "आल्या अर्धी मात्रा पुढे" असं म्हणायचे. सुना म्हणायच्या, नातवंडं म्हणायची. मी पण त्यांना सोडत नव्हते. म्हणायचे, "भाऊजी, सगळं मोजून करता. लग्नात हार घालतानासुद्धा सम शोधत होता, तोवर नवरीचे हात दुखून आले." ते खरंच होतं. माझी जाऊ ते शेवटपर्यंत सांगायची.

आमचे हे गेले त्या वर्षी भाऊजींच्या डोक्यात आलं, वहिनीला अक्षर शिकवायचं. मी साठीची. हातात पाटी दिली. रोज दुपारी ओसरीवर शाळा. मी रडकुंडीला यायचे, कारण माझं मन तिकडे होतं, जिकडे हे गेले होते. आता वाटतं, भाऊजींनाही ते कळत होतं. शाळा अक्षरासाठी नव्हतीच बहुतेक. दुपार काढायची होती माझी.

काना झाला, वेलांटी झाली. वेलांटी मला मुळीच आवडली नाही, लुगड्याच्या सुटलेल्या धाग्यासारखी. मग त्यांनी अक्षराच्या डोक्यावर एक तिरकी काडी ओढली.

"ही मात्रा."

"ही पण मात्रा?"

"ही पण."

"बाटलीवरची ती मात्रा, तबल्यातली ती मात्रा, आणि ही पण? भाऊजी, तुम्हा शिकलेल्या लोकांकडे शब्द कमी पडतात का?"

खूप हसले. म्हणाले, "वहिनी, शब्द कमी नाही पडत. तिन्ही ठिकाणी माप आहे. औषधाचं माप, वेळेचं माप, अन् ही तोंडातल्या आवाजाचं माप. कमी-जास्त झालं तं माणूस बिघडते, भजन बिघडते, नाव बिघडते."

मी विचारलं, आपल्या घरात ही काडी कुणाच्या नावावर आहे? त्यांनी सगळ्यांची नावं पाटीवर लिहिली. माझ्यावर नाही. त्यांच्यावर नाही. प्रशांतवर नाही. एकाच नावावर होती. रेखा. प्रशांतची बायको, भाऊजींची सून. बस, माझं शिक्षण तिथं संपलं. पुढच्या अक्षरांना मी दाद दिली नाही. माझ्यापुढे भाऊजींची मात्रा चालली नाही, असं घरात सगळे म्हणायचे, म्हणजे तिथेही मात्राच आली पाहा. पण रेखाचं नाव मला आजही वाचता येतं. लग्नपत्रिकेत, लाइटच्या बिलावर, कुठंही. सगळ्या जगात एकच नाव मी वाचू शकते.

सावनेरकडे आमच्या घरची थोडी शेती आहे. मागे मोबाइलवर निरोप आला, कपाशीला खताची अमुक मात्रा द्या. भाऊजींनी तो मोठ्यानं वाचला आणि चष्मा काढला. "घ्या वहिनी. आता पऱ्हाटीलेही तबला शिकवून राहिले." दोन दिवस आलेल्या-गेलेल्याला हेच ऐकवलं. मी म्हटलं, पऱ्हाटी माझ्यापेक्षा बरी, ती पुढे तरी पळत नाही.

मीनल पदर ओढते आहे. म्हणते, आजी, मुद्द्यावर ये. येते गं.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींचं हृदय थकलं. पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यात एक पाण्याची गोळी. अंगातलं पाणी उतरवायची. सकाळी एक, दुपारी चारला एक. रेखानं कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या. एक दिवस चुकली नाही ती. तिच्या माहेरी लग्न होतं, तर सकाळची देऊन गेली आणि चारच्या आत परत आली, अंगावर हळद तशीच. जिना चढतानाच हाक, "मामाजी, गोळी घेतली का?"

भाऊजी मला म्हणायचे, "मी चाळीस वर्षं लोकायले औषध देल्लं, पण असा कंपाउंडर नाही पाह्यला."

पंधरा दिवसांपूर्वी ते गेले. दवाखान्यातून घरी आणलं होतं. दुपारी कन्हानहून आक्का आल्या, भाऊजींची बहीण, माझी नणंद. येताना वैद्याकडून हेमगर्भाची मात्रा आणली होती. जुन्या लोकांना माहीत आहे, जाणाऱ्या माणसाला ती चाटवतात, म्हणजे जरा शुद्ध येते, शेवटचं बोलता येतं. आक्कांनी ती उगाळली, मधातून जिभेवर लावली. भाऊजींनी डोळे उघडले. आम्ही सगळे पुढे वाकलो, आता काय सांगतात म्हणून.

म्हणाले, "आक्का, सहाण धुतली होती का वं?"

तेच शेवटचं. त्यानंतर तासाभरात गेले.

आक्का, तुम्ही तेव्हा रडत रडत हसलात. मी पाहिलं. मला तुमचं ते हसू लक्षात ठेवायचं आहे. कारण त्यानंतर जे झालं, त्याबद्दल बोलायलाच मी आज उभी आहे.

दहाव्याचा विधी झाल्यावर आक्का भाऊजींचं कपाट आवरत होत्या. तबल्याची हातोडी, पावडर, वादी ठेवायची एक पत्र्याची पेटी. तिच्यात एक डबी सापडली. डबीत गोळ्या. सगळ्या अर्ध्या. त्या पाण्याच्या गोळ्या, मधोमध कापलेल्या.

आक्कांनी डबी स्वयंपाकघरात आणली आणि सगळ्यांपुढे ओट्यावर उपडी केली. म्हणाल्या, "पाहा. सून अर्धीच गोळी देऊन राहिली होती. मंग माणूस जाईन नाही तं काय होईन?"

रेखा पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं ठेवलं. तव्यावरची पोळी मी काढली.

मग ते बोलणं घराबाहेर पडलं. कन्हानला गेलं, सावनेरला गेलं, आणि आपल्या वस्तीत तर ते दारोदार फिरलं. तुमच्यातले काही मान खाली घालून बसले आहेत, मला दिसतं आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण एवढं दिसतं. प्रशांतसुद्धा, माझा प्रशांत, तिला विचारता झाला, "खरं सांग, कधी चुकलं होतं का?" आणि ती पोरगी स्वतःच विचार करत बसली. रात्रंदिवस तो एकच विचार, माझ्याकडूनच काही झालं का? जेवत नाही. काल तिनं बॅग भरली. माहेरी जाते म्हणाली, किती दिवस ते सांगितलं नाही. आज इथं आली, ती सासऱ्यासाठी. पाहा, कुठे बसली आहे. चपला काढतो तिथे.

आता ऐका. नीट ऐका, कारण हे मला दुसऱ्यांदा सांगता येणार नाही.

त्या गोळ्या रेखानं कापल्या नाहीत. भाऊजींनी कापल्या. माझ्या अडकित्त्यानं.

रामनवमीच्या भजनाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. मंडप भरलेला, रंग चढलेला, आणि भाऊजी ठेका सोडून मध्येच उठले. त्या गोळीनं माणसाला दोन तास एका जागी बसवत नाही हो, सारखं उठावं लागतं. तबला थांबला आणि आमचे टाळ सैरावैरा झाले, दाणे सांडल्यासारखे. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याची गाडी स्टेशनवर थांबली." लोक हसले. कोण बोललं ते मला माहीत आहे, पण आज एकाच माणसाला लाज वाटायची आहे, आणि ती मला. भाऊजी परत आले, बसले, वाजवलं. पण त्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून कुणाकडे पाहिलं नाही. मी दोनदा पुढे पळाले. मला टोकलंसुद्धा नाही.

पुढचा गुरुवार आला. आपलं भजन दर गुरुवारी. चार वाजता रेखानं गोळी तळहातावर ठेवली, पाणी दिलं. भाऊजींनी हात तोंडाशी नेला, पाणी प्याले, "झालं बाई" म्हणाले. ती आत गेली. ते ओसरीवर माझ्याजवळ आले आणि मूठ उघडली. गोळी मुठीतच होती. जुना कंपाउंडर! चाळीस वर्षांत हातचलाखीही शिकला होता.

म्हणाले, "वहिनी, अडकित्ता द्या."

"सुपारी खायची का? डॉक्टरांनी नाही म्हटलं आहे."

"सुपारी नाही."

गोळी मधोमध कापली. अर्धी माझ्या तांब्यातल्या पाण्याबरोबर घेतली. अर्धी खिशात.

मी म्हटलं, "भाऊजी, हे बरोबर नाही. डॉक्टरला विचारलं का?"

"मात्रा मले नका शिकवू वहिनी. हप्त्यातून एक दिवस अर्धी. काय होते त्यानं?"

"रेखाला सांगू?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगा. मंग तबल्यावर कोण बसते तेही सांगा."

मी नाही सांगितलं.

दर गुरुवारी चार वाजता मी अडकित्ता काढून ठेवायचे. त्यांना मागावा लागत नसे. का केलं मी असं? त्यांच्यावर माया होती म्हणून? तसं म्हणायला बरं वाटेल. पण मीनलला मी खरं तेच लिहायला सांगितलं आहे. मला भजनात तबला पाहिजे होता. सात दिवसांतले ते दोन तास मी म्हातारी नसायचे. ज्यांच्यापुढे चुकायला मजा यायची ते एकच माणूस उरलं होतं, आणि ते मला तिथं बसलेलं पाहिजे होतं. म्हणून मी गप्प बसले. साठ वर्षं अर्धी मात्रा पुढे पळणारी बाई, जिथं पळायचं तिथं थांबून राहिली.

परवा तेरवी झाली. काल सकाळी मी ती डबी पदरात बांधली, ऑटो केला आणि डॉक्टरांकडे गेले. डबी टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. विचारलं, "यानं गेले का ते?" डॉक्टर म्हणाले, "नाही आजी, आठवड्याला एका अर्ध्या गोळीनं तेवढं होत नाही. त्यांचं हृदयच थकलं होतं." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. म्हातारीला बरं वाटावं म्हणून सांगत असतील, तर ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं असतं. आणि मला ते पाहायचं नव्हतं.

तर हे असं आहे. काही दोष असेलच, तर तो अर्धा त्यांचा आणि अर्धा माझा. रेखाच्या वाट्याला त्यातला कणही येत नाही. तिनं दोन वर्षं पूर्ण गोळी दिली. रोज. वेळेवर. माप चुकलं ते मोजणाऱ्याचं आणि त्याला साथ देणारीचं.

हे मी दहाव्यालाच सांगायला पाहिजे होतं, ओट्याजवळच. पण तव्यावरची पोळी काढली आणि तोंड मिटलं. मला वाटलं, निभेल. म्हातारपणी माणसाला वाटतं, सगळं आपोआप निभतं. मग काल तिची बॅग पाहिली.

आक्का, मी तुम्हाला दोष देत नाही. भाऊ गेला की बहिणीला कुणाला तरी धरून हलवावंसं वाटतं. मला हलवा. मी इथं उभी आहे. घरी आल्यावर दार लावून हलवा, वाटेल तेवढं. पण आत्ता एक करा. थोडं सरका. तुमच्या शेजारी जागा करा.

रेखा. ऊठ वं बाई तिथून. चपलांजवळ नको बसू. अशी समोर ये. या सगळ्यांच्या देखत मी तुझी माफी मागते. तू मला काय म्हणायचं ते तू ठरव. आज नाही म्हणालीस तरी चालेल. बॅगचं मी काही बोलत नाही. ती उघडायची की न्यायची, तेही तूच ठरव.

मंडळी, आता मौन पाळायचं आहे. फोटोतल्या माणसाला आपल्या मौनाची गरज नाही, त्याला जन्मभर आवाजच आवडला. दहाव्यापासून आपण जे बोललो, फोनवर, दारात, भांडी घासताना, त्याच्यासाठी आता आपण सगळे गप्प बसू. उभ्या राहणाऱ्यांनी उभं राहावं, माझ्यासारख्यांनी बसून राहावं.

नाही मीनल, घड्याळ नको पाहू. रेखा तिकडे बसली आहे, आक्कांजवळ, खाली बघत. ती मान वर करेल, तेव्हा मौन संपलं.

भाऊजी, नमस्कार करते.